चिनी कुंचला आणि आपला हात

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही, आणि माझे शिक्षणही सातवीपर्यंतचेच आहे. परंतु चिटणीसबाईंचा आग्रह पडला की, गेले दीड वर्ष तुम्ही घरी चिनी अक्षरे आणि चित्रे काढण्याचा जो अभ्यास चालवला आहे, त्याची माहिती वर्धापनदिनी सर्वांना द्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे आलेल्या भगिनींनी भिंतीवरचा काळ्या शाईचा बांबू पाहिला होता. तेव्हा सगळ्यांचे दोनच प्रश्न होते. हे कुठे शिकलात? आणि कशासाठी शिकता?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. माझ्या भाचीने नागपूरला नोकरी करता करता ही कला शिकून घेतली. दिवाळीला आली तेव्हा तिने एक कुंचला, शाईची कांडी आणि उगाळायचा दगड माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "मावशी, तुझी ठिपक्यांची रांगोळी पाहून मला वाटते की हे तुला जमेल." आता दर रविवारी मी माझ्या कागदाचा फोटो तिला मोबाईलवर पाठवते आणि ती लाल खुणा करून तो परत पाठवते. अशी आमची शाळा चालते. दुसऱ्या प्रश्नाला मात्र जरा सविस्तर उत्तर द्यावे लागेल.

आधी साहित्याविषयी सांगते. कुंचला, शाई, दगड आणि कागद यांना चिनी लोक अभ्यासिकेतली चार रत्ने म्हणतात. नाव परके वाटले तरी ही चारही रत्ने आपल्या घरातल्या वस्तूंच्या नात्यातली आहेत. त्यांची जुन्या पद्धतीची शाई बाटलीत नसते. तेलाच्या दिव्याची किंवा चीडाच्या लाकडाची काजळी सरसात मळून, साच्यात घालून तिची कांडी करतात. आपण बाळासाठी दिव्यावर काजळ धरतो, ती हीच काजळी. आपण तिच्यात तूप घालतो, ते सरस घालतात, एवढाच फरक. दगड म्हणजे आपली सहाण. तिच्यावर चार थेंब पाणी घालायचे आणि कांडी उभी धरून सावकाश गोल गोल उगाळायची. जिने देवाचे गंध उगाळले आहे, बाळाला गुटी उगाळून दिली आहे, तिला हे शिकवावे लागत नाही. त्यांचा नामांकित कागद आन्हुई प्रांतात होतो. तो एका झाडाच्या सालीचा आणि भाताच्या तणसाचा करतात. धानाचे तणस आपण गुराढोरांपुढे टाकतो; त्याच तणसाच्या कागदावर त्यांची शेकडो वर्षांची चित्रे टिकून आहेत. कुंचल्याचा दांडा बांबूचा असतो आणि केस शेळीचे किंवा मुंगसासारख्या एका लहान जनावराचे असतात.

हे साहित्य घरात आले तेव्हा आमच्या सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो किमतीचा नव्हता. त्या म्हणाल्या, "चीनचे? आणि आपल्या घरात?" १९६२ साली लढाई झाली तेव्हा त्या लहान होत्या. त्यांच्या आईने बोटातली सोन्याची अंगठी काढून संरक्षण निधीला दिली होती, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. आणि २०२० साली गलवानच्या खोऱ्यात आपले २० जवान धारातीर्थी पडले, ते तर आपण सर्वांनीच पाहिले. तेव्हा सासूबाईंचे बोलणे मी उडवून लावले नाही. तुमच्यापैकीही काहींच्या मनात तोच प्रश्न असेल. म्हणून मी जे त्यांना सांगितले, तेच येथे सांगते.

१९३८ साली जपानने चीनवर आक्रमण केले असताना काँग्रेसने आपल्या देशातून पाच डॉक्टर तिकडे पाठवले. त्यांपैकी डॉ. कोटणीस सोलापूरचे, हे आपणांस ठाऊक आहे. शांतारामबापूंनी १९४६ साली त्यांच्यावर बोलपटही काढला. परंतु त्या पाचांमध्ये आपल्या नागपूरचेही एक होते, डॉ. चोळकर, हे फार जणींना ठाऊक नसते. या पाचही जणांना तिकडे चिनी नावे मिळाली आणि प्रत्येक नावाच्या शेवटी 'हुआ' हे अक्षर ठेवले होते. 'हुआ' म्हणजे चीन. कोटणीस तेथे चिनी बोलायला आणि लिहायला शिकले, तेथल्या परिचारिकेशी त्यांनी लग्न केले आणि १९४२ साली अवघ्या ३२ व्या वर्षी तेथेच वारले. सोलापूरचा तरुण तिशीत ती अक्षरे शिकतो, ती रुग्णाच्या उशाशी बसून त्याची विचारपूस करता यावी म्हणून. त्या अक्षरांना शत्रूची अक्षरे कसे म्हणावे?

आणखी एक गोष्ट. सातव्या शतकात ह्युएनत्संग नावाचा बौद्ध भिक्षू चीनहून पायी आपल्या देशात आला. परत गेल्यावर त्याने सांगितलेला प्रवासाचा वृत्तांत ६४६ साली तेथे लिहून पुरा झाला, तोही अशाच कुंचल्याने. त्यात महाराष्ट्राचे आणि पुलकेशी राजाचे वर्णन आहे. तो म्हणतो की येथील माणसे उपकार विसरत नाहीत, पण कोणी अपमान केला तर तोही विसरत नाहीत. हे ऐकून सासूबाई हसल्या आणि म्हणाल्या, "हे मात्र त्याने खरे लिहिले." दुसऱ्या दिवशी मी शाई उगाळत बसले होते, तर त्या जवळ येऊन म्हणाल्या, "पाणी कमी घाल. आणि उगाळताना घाई करू नये." तेव्हापासून शाई उगाळण्याचे काम त्यांच्याकडे आहे. लढाईची आठवण त्यांनी सोडलेली नाही, आणि सोडावी असे मीही म्हणत नाही.

आपल्या पवनीला तर हे नाते नवे नाही. १९६९-७० साली जगन्नाथ टेकडीवर खोदकाम झाले आणि दोन हजार वर्षांपूर्वीचा स्तूप उजेडात आला. त्याच्या दगडांवर ब्राह्मी अक्षरांत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली सापडली. आज रुयाडच्या महासमाधीभूमी स्तूपाला जपानहून उपासक येतात. जपानी लोकही आपल्या लेखनात ही चिनी अक्षरे वापरतात, आणि बुद्धवचने कुंचल्याने उतरून काढणे त्यांच्याकडे पुण्याचे मानतात. तेव्हा अक्षरे कागदावर असोत की दगडावर, वैनगंगेच्या काठाला ती परकी नाहीत.

आता प्रत्यक्ष शिकणे कसे असते ते सांगते. कुंचला आपल्या पेनासारखा तिरपा धरत नाहीत. तो सरळ उभा धरायचा. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांनी दांडा पकडायचा, उरलेल्या दोन बोटांनी मागून आधार द्यायचा आणि तळहात आतून पोकळ ठेवायचा, जणू मुठीत अंडे आहे. मोठे अक्षर काढताना कोपरसुद्धा टेकायचे नाही. पहिले आठ दिवस खांदा भरून येतो. मग कळते की हे काम बोटांचे नसून साऱ्या हाताचे आहे, जसे भाकरी थापण्याचे असते.

पहिला धडा म्हणजे एक आडवी रेघ. चिनी भाषेत आडवी रेघ म्हणजे 'एक' हा आकडा. दोन रेघा म्हणजे दोन, तीन रेघा म्हणजे तीन. हे ऐकून वाटते की किती सोपे! पण ती रेघ उजवीकडे न्यायची तर आधी कुंचल्याचे टोक किंचित डावीकडे वळवायचे, दाबायचे, मग उजवीकडे जायचे, शेवटी थांबायचे आणि टोक पुन्हा आत वळवून उचलायचे. घाई केली की रेघ पोटात सुकते. रेंगाळले की शाई कागदावर पसरते. आणि एकदा काढलेली रेघ पुसता येत नाही, तिच्यावरून हातही फिरवायचा नाही. माझा पहिला सबंध महिना या एका रेघेत गेला. त्यानंतर 'योंग' नावाचे अक्षर येते. त्याचा अर्थ चिरंतन. टिंब, आडवी, उभी, आकडा आणि निरनिराळे तिरपे फटकारे असे आठ प्रकारचे फटकारे या एकाच अक्षरात येतात. म्हणून नवशिक्याला ते पुन्हा पुन्हा गिरवायला सांगतात.

रांगोळी काढणाऱ्या बाईला मात्र येथे मोठा आधार मिळतो. चिमटीतून रांगोळी सोडताना आपण कुठे खोडरबर घेऊन बसतो? ठिपक्यांवरून नजर पुढे गेलेली असते आणि हात मागून येतो. कुंचल्याचेही तसेच आहे.

अक्षरांचे अर्थ शिकताना तर फार गंमत येते. 'झाड' या अक्षराच्या जोडीला दुसरे झाड काढले की राई होते, तीन झाडे काढली की अरण्य होते. 'शेत' म्हणजे एक चौकोन आणि आत बांध घालून पाडलेले चार तुकडे. अगदी आपल्या धानाच्या बांध्या. बाई आणि लेकरू शेजारी बसवले की 'चांगले' असा अर्थ होतो. छपराखाली बाई बसली की 'शांती', आणि छपराखाली डुक्कर बांधले की 'घर'! हे मी यजमानांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. शेत आणि बळ मिळून 'पुरुष' हे अक्षर होते. ज्याने हे अक्षर रचले त्याने आपल्या भागातली रोवणी पाहिली नसावी. आषाढात गुडघाभर चिखलात वाकून कोण उभे असते, हे तुम्हांला सांगायला नको.

अक्षरांवर थोडा हात बसला की चित्रे सुरू होतात. कुंचला तोच, शाई तीच. नवशिक्याने आलुबुखाराच्या जातीचा फुलोरा, ऑर्किड, बांबू आणि शेवंती ही चार चित्रे शिकावीत असा प्रघात आहे. मी बांबूपासून सुरुवात केली, कारण तो रोज डोळ्यांसमोर असतो. बांबू बुंध्याकडून वर काढतात. कुंचला दाबायचा, वर न्यायचा, पुन्हा दाबून उचलायचा; एक कांडे झाले. मध्ये थोडी जागा सोडून दुसरे कांडे. पाने काढताना टोक टेकवायचे, दाबायचे आणि झटकन उचलायचे, म्हणजे पान आपोआप निमुळते होते. रंग एकच, काळा. पण पाणी कमी-जास्त केले की जवळचा बांबू गर्द दिसतो आणि लांबचा धुक्यातला वाटतो.

चित्रे शिकणाऱ्यांसाठी चीनमध्ये १६७९ सालापासून एक नामांकित पोथी छापली जाते. तिच्या नावाचा अर्थ 'मोहरीच्या दाण्याची बाग' असा आहे. बांबूची कांडी बुंध्याशी आखूड, मध्ये लांब आणि शेंड्याकडे पुन्हा आखूड काढावीत, असा तिकडच्या चित्रकारांचा नियम आहे. मला तो नियम पाठ करावा लागला नाही. आठवड्याच्या बाजारात सूप-टोपल्या घेऊन बसणाऱ्या मावशीला मी विचारले, तर तिने हातातला बांबू न बघताच मला हेच सांगितले, आणि टोपलीसाठी कोणते कांडे घ्यावे, सुपासाठी कोणते, हेही सांगितले. पोथीतली विद्या आपल्या बाजारात बसलेली असते.

बांबूवरून एक मोठे नाव आठवते, नंदलाल बोस. हे थोर चित्रकार १९२४ साली रवींद्रनाथांबरोबर चीन आणि जपानला गेले, तेथील कुंचल्याची रीत त्यांनी जवळून पाहिली आणि पुढे शांतिनिकेतनात आपल्या विद्यार्थ्यांना तिची ओळख करून दिली. १९३६ साली आपल्या खानदेशात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, ते खेडेगावात भरलेले पहिलेच. गांधीजींनी तेथली सजावट नंदलालबाबूंवर सोपवली, आणि त्यांनी बांबू आणि गावात मिळणारे साधे सामान घेऊनच ते नगर सजवले. दूरदेशीची कला शिकलेला माणूस आपल्या मातीकडे अधिक प्रेमाने पाहू लागतो, याचे हे उदाहरण आहे.

आता जे सांगते ते मंडळाच्या भगिनींनी मुद्दाम ध्यानात ठेवावे. चौथ्या शतकातील वांग शीची याला चीनमध्ये अक्षरकलेचा परमगुरू मानतात. त्याला लहानपणी अक्षर शिकवणारी एक बाई होती. तिचे नाव वेई. पुढे तेराव्या शतकात क्वान दाओशंग नावाची गृहिणी होऊन गेली. मुलेबाळे सांभाळून ती बांबूची चित्रे काढी. तिचे, तिच्या नवऱ्याचे आणि मुलाचे असे तिघांचे हस्ताक्षर बादशहाने आपल्या संग्रहात ठेवून घेतले.

पण या दोघी थोरामोठ्यांच्या घरच्या. ज्या गरीब होत्या, ज्यांना कोणी शाळेत घातले नाही, त्यांनी काय केले? हूनान प्रांतातल्या ज्यांगयोंग भागातील खेड्यांत बायकांनी स्वतःची निराळी लिपी चालवली. तिला 'नूशू' म्हणतात, म्हणजे बायकांचे लेखन. आईने लेकीला, मैत्रिणीने मैत्रिणीला ती शिकवायची. लग्न होऊन मुलगी सासरी गेली की तिसऱ्या दिवशी तिच्या मैत्रिणी या लिपीत लिहिलेली छोटी वही तिला पाठवीत. त्या वहीत आशीर्वाद असत आणि ताटातुटीचे दुःखही असे. मागची काही पाने कोरी ठेवीत, म्हणजे नव्या नवरीने तिच्या मनातले त्यावर लिहावे. परंपरेने ही लिपी शिकलेली शेवटची म्हातारी यांग ह्वानयी २००४ साली वारली.

हे भाचीने मला सांगितले तेव्हा मला आपल्या जात्यावरच्या ओव्या आठवल्या. माहेरची आठवण, सासरचा जाच, भावाची वाट, हे सगळे आपल्या आज्यांनी ओव्यांत घातले. परंतु त्यांच्या हाती अक्षर नव्हते. पुढे हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव माणसे पाठवून एक लाखाहून अधिक ओव्या टिपून घेतल्या, म्हणून तेवढ्या तरी वाचल्या. माझ्या आजीच्या ओव्या मात्र तिच्याबरोबर गेल्या. पहाटेचा आवाज कानात आहे, शब्द आठवत नाहीत. त्या दिवशी मी वही घेतली आणि सासूबाईंना येतात तेवढ्या ओव्या विचारून मराठीत लिहून काढायला लागले. आजवर एकोणचाळीस झाल्या आहेत. चिनी अक्षरे शिकून मला मिळालेले हे सर्वांत मोठे फळ आहे असे मी समजते.

कशासाठी शिकता, या प्रश्नाकडे आता येते. सातवीनंतर माझी शाळा सुटली. पुढच्या शाळेला मुलीला लांब पाठवायचे नाही असे घरात ठरले. त्या काळी घरोघरी तसेच होते. तेव्हापासून माझ्या हाताने किराण्याची यादी आणि बिशीचा हिशेब याखेरीज काही लिहिले नव्हते. आपण दिवसभर जे करतो ते संध्याकाळी उरत नाही. स्वयंपाक संपतो, रांगोळी पुसली जाते, घासलेली भांडी पुन्हा खरकटी होतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दुपारच्या एका तासात कागदावर एक सरळ रेघ उमटते आणि काल काढली त्यापेक्षा ती बरी असते, हे पाहताना मला वाटते की माझी शाळा पुन्हा भरली आहे. चाळिशी उलटल्यावर नवशिकी होण्यात कमीपणा नाही. उलट आपण कुठे आहोत हे आता नीट समजते.

काही भगिनी म्हणतील की मंडळाने शिवण शिकवावे, पापड-लोणची शिकवावी, ज्यातून चार पैसे येतात. ते जरूर चालावे. मीही शिवणवर्गातच मंडळात आले. माझे म्हणणे एवढेच आहे की आठवड्याचा एक तास असाही असावा, ज्याचा हिशेब पैशात करायचा नाही.

खर्चाची भीती बाळगू नका. भारी कागदाची सुरुवातीला गरज नाही. जुने वर्तमानपत्र चालते, खाली घोंगडीचा तुकडा घातला की झाले. त्याहून सोपी रीत चिनी म्हाताऱ्या माणसांची आहे. तेथल्या बागांत ती सकाळी लांब दांड्याचा कुंचला पाण्यात बुडवून फरशीवर अक्षरे काढतात. पाणी वाळते, फरशी पुन्हा कोरी होते. ना शाई, ना कागद. कुंचला वापरून झाल्यावर तेवढा स्वच्छ धुवावा, बोटांनी टोक जुळवावे आणि टोक खाली करून टांगावा.

तेव्हा मंडळापुढे माझी अशी सूचना आहे. येत्या महिन्यापासून दर शनिवारी दुपारी तीन ते चार मंडळाच्या फरशीवर आपण जमावे. प्रत्येकीने एक वाटी पाणी आणि एखादा जाड कुंचला आणावा. अर्धा तास रेघा आणि बांबू; उरलेला अर्धा तास आपल्यातल्या वडीलधाऱ्या बायांनी ओव्या सांगाव्यात आणि ज्यांना लिहिता येते त्यांनी त्या वहीत उतरवाव्यात. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना त्याच फरशीवर पाण्याने 'अ' काढून दाखवायला मी बसेन. पहिल्या शनिवारी सासूबाई येणार आहेत, आणि येताना शाईचा दगडही आणणार आहेत.